मतदानाला जाणार नाही म्हणणाऱ्या लेकीस

चि. ऋता,

अनेक आशीर्वाद.

"यंदा घरीच बसणार, कुणालाच मत नाही," असं परवा फोनवर म्हणालीस. वर्षानुवर्षं सतरंज्या उचलणाऱ्यांना डावलून कालपरवा आलेल्यांच्या हाती पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचे एबी फॉर्म पडले, आणि ज्याच्या विरोधात गेल्या वेळी दारोदार फिरलीस त्याच्याचसाठी आता मत मागायचं, हे तुला सहन होत नाही. ते होऊही नये. पण घरी बसलीस तर हा राग पक्षाला कळणार कसा? आजारी माणूस, परगावी गेलेला, यादीत नाव न सापडलेला आणि पक्षावर चिडलेला, न झालेल्या मतांत सगळे सारखेच मोजले जातात. निकालानंतर "टक्का घसरला" म्हणतात, सुट्टी जोडून आली होती म्हणतात, आणि विषय मिटतो.

महापालिकेच्या मतदानात तुझ्या हातात विधानसभेपेक्षा जास्त आहे, ते आधी नीट समजून घे. मुंबईत एका प्रभागात एकच नगरसेवक असतो. तुमच्याकडे चार. म्हणजे तुला चार मतं आहेत, अ, ब, क, ड अशा चार जागांसाठी एकेक. आपला पक्ष सांगतो की वरपासून खालपर्यंत एकच चिन्ह दाबा, पॅनल फोडू नका. असं सांगणं हा त्यांचा प्रचार झाला, तसा नियम नाही. चारही मतं एकमेकांपासून स्वतंत्र आहेत. अ मध्ये आपल्या पक्षाचा जुना, काम केलेला उमेदवार असेल तर त्याला दे. क मध्ये आयात केलेला माणूस उभा असेल तर तिथे दुसऱ्या पक्षाला दे, अपक्षाला दे, नाहीतर नोटा, म्हणजे 'यांपैकी कुणीही नाही', दाब.

यंत्रापुढे लोक गोंधळतात ते मुख्यतः इथेच. प्रत्येक जागेच्या मतपत्रिकेचा रंग वेगळा असतो: अ पांढरा, ब फिकट गुलाबी, क फिकट पिवळा, ड फिकट निळा. उमेदवार जास्त असले की दोन-तीन यंत्रं शेजारी शेजारी मांडलेली असतात आणि एखादी जागा एका यंत्रावरून दुसऱ्यावर गेलेली असते. नावांच्या शेवटी त्या त्या जागेचा नोटा असतो, चारही जागांसाठी वेगवेगळा. एका जागेसाठी एक बटण दाबलं की त्या जागेचं मत झालं, ते बदलता येत नाही. म्हणून आधी रंग बघ, मग नाव, मग चिन्ह, आणि मगच बोट ठेव. चारही मतं झाल्यावर शेवटी लांब आवाज येतो. तो येण्याआधी बाहेर पडलीस तर मतदान अपुरं राहतं आणि केंद्रावरचे कर्मचारी परत बोलावतात. एखाद्या जागेसाठी कुणीच पसंत नसेल तर तिथे नोटा दाबावाच लागतो, जागा कोरी सोडून चालत नाही.

आता हे पक्षाला वाचता कसं येतं ते सांगते. निकालात प्रत्येक जागेची मतं वेगळी जाहीर होतात. समजा, अ मध्ये आपल्या चिन्हाला नऊ हजार मतं पडली आणि क मध्ये सहा हजार. प्रभाग तोच, मतदार तेच, चिन्हही तेच, मग तीन हजार गेले कुठे? शहराध्यक्षाला तिकीटवाटपाचा जाब विचारायला जुन्या कार्यकर्त्याच्या हाती याहून भक्कम कागद नाही. अर्थात काही फरक उमेदवाराच्या ओळखीपाळखीचा असतो, काही आरक्षणाचा, आणि युतीत जागा वाटल्या गेल्या तर चिन्हंच बदलतात. म्हणून नुसतं मत देऊन थांबू नकोस. सोसायटीतल्या नाराज मतदारांचं एक पत्र करा. क जागेच्या उमेदवाराला मत का देणार नाही आणि अ ला का देणार, हे चार ओळींत लिहा. खाली सह्या, आणि प्रत्येक सहीपुढे मतदार यादीतला भाग क्रमांक व अनुक्रमांक. बूथप्रमुख यादी हातात घेऊनच काम करतो. क्रमांक नसलेल्या सह्या त्याच्या दृष्टीने गर्दी, क्रमांकासह सह्या म्हणजे त्याच्या यादीतून गळालेली मतं. एक प्रत शहराध्यक्षांना द्या आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या.

नोटा दाबून काहीच होत नाही, हा तुझा समज अर्धा बरोबर आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २७ सप्टेंबर २०१३ च्या निकालाने तो आला. त्याआधी कुणालाच मत द्यायचं नसेल तर केंद्राध्यक्षाकडे नोंदवहीत तसं लिहून घ्यावं लागे आणि गुप्तता राहत नसे. विधानसभा-लोकसभेत नोटाला सर्वाधिक मतं पडली तरी खालचा उमेदवार निवडून येतो. २०१९ च्या विधानसभेत लातूर ग्रामीणला नोटा २७ हजारांवर मतं घेऊन दुसऱ्या क्रमांकावर होता, पलूस-कडेगावातही २० हजारांवर मतांसह दुसराच. दोन्हीकडे विजयी उमेदवार लाखाहून अधिक मतांनी आले. स्थानिक निवडणुकांना मात्र राज्य निवडणूक आयोगाचा नोव्हेंबर २०१८ चा आदेश आहे: नोटा पहिला आला तर त्या जागेची निवडणूक पुन्हा होते. फेरनिवडणुकीतही तोच पहिला आला तर मात्र दुसऱ्या क्रमांकाचा उमेदवार विजयी धरतात. नोटा पहिला येणं फार अवघड, हे लक्षात ठेवूनच तो दाब. माझं मत विचारशील तर दोन बरे उमेदवार असताना चारही ठिकाणी नोटा दाबू नये.

पक्षांतराच्या संतापाबद्दल एक सांगते. २०२२ च्या जूनमध्ये शिवसेना फुटली, २०२३ च्या जुलैत राष्ट्रवादी. चिन्हांचे निर्णय निवडणूक आयोगाने १७ फेब्रुवारी २०२३ आणि ६ फेब्रुवारी २०२४ ला दिले, आणि नुसतं चिन्ह बघून मत देण्याची सवय तिथेच मोडायला हवी होती. नगरसेवकांना १९८६ चा स्वतंत्र पक्षांतरबंदी कायदा आहे. निवडून आल्यावर पक्ष सोडला किंवा पक्षादेश मोडून मतदान केलं तर ते अपात्र ठरतात, अपक्ष म्हणून आलेला नंतर एखाद्या पक्षात गेला तरीही. पण मुदत संपलेल्याला तो अडवू शकत नाही, म्हणूनच पक्षप्रवेशांची झुंबड नेमकी अर्ज भरायच्या आधी उडते. तिथे अडवायला मतदाराशिवाय कुणी नाही.

त्यासाठी उमेदवाराने अर्जाबरोबर दिलेलं शपथपत्र वाच. पहिलं पान सोडून थेट गुन्ह्यांच्या तक्त्यावर जा: पोलीस ठाणं, कलम, न्यायालय, आणि आरोप निश्चित झालेत का. आंदोलनातली जमावबंदीची कलमं आणि फसवणूक-खंडणीची कलमं एका मापाने मोजू नकोस. मग मालमत्ता बघ, स्वतःची, जोडीदाराची आणि अवलंबितांची मिळून. तोच माणूस आधी कुठल्या निवडणुकीला उभा असेल तर तेव्हाचं शपथपत्र शेजारी ठेव. शेवटी थकबाकी बघ.

सगळ्यात आधी यादी. नाव विधानसभेच्या यादीत आहे म्हणून निश्चिंत राहू नकोस. महापालिकेसाठी तीच यादी प्रभागवार फोडतात, आणि हद्दीवरच्या इमारती शेजारच्या प्रभागात जातात, कधी अर्ध्याच. तुझी इमारत नेमकी हद्दीच्या रस्त्यावर आहे. हरकतींची मुदत गेली, आता नाव जिथे पडलं असेल तिथेच मतदान करावं लागेल, तेव्हा प्रभाग आणि केंद्र आजच शोध. मतदार चिठ्ठी ओळखपत्र म्हणून चालत नाही, मतदार ओळखपत्र किंवा आधार बरोबर ने.

भाग क्रमांक सापडला की मला कळव. पत्राचा मजकूर एकदा वाचून दाखव, पाठवायच्या आधी.

तुझी,
आई