एकत्र जेवायला माणूस घरी तरी असू द्या!

मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

गेल्या शनिवारी मुलाच्या शाळेत पालक मेळावा होता. मुलांचा लठ्ठपणा आणि घरचं जेवण असा विषय. विषय जिव्हाळ्याचा म्हणून अर्ध्या दिवसाचा पगार बुडवून गेले. पाहुणे म्हणून आलेल्या अधिकाऱ्यांनी काही मुलांना पुढं बोलावलं, एकेकाला वजनकाट्यावर उभं केलं आणि आकडे माइकवरून वाचले. माझा मुलगा सहावीत आहे. "बावन्न किलो!" असं ऐकू आलं आणि पोरं फिदीफिदी हसली. मग आईवडिलांनी हात वर करायचा होता. मी केला. रात्रीचं जेवण सगळ्यांनी मिळून करत जा, मोबाइल बाजूला ठेवा, असं मला भर सभेत सुनावण्यात आलं. आणि निघताना त्याच मुलांच्या हातात क्रीमच्या बिस्किटांचा पुडा आणि मँगो ड्रिंकचं खोकं दिलं.

तेव्हापासून पोरगा डबा जसाच्या तसा परत आणतोय. शाळेत कुणासमोर खायची त्याला लाज वाटते. याची भरपाई कोण करणार?

सल्ला चुकीचा होता असं मी म्हणत नाही. रविवारी आम्ही तिघं एकत्र बसतो. भाकरी, येसराची आमटी, मेथी. एरवी मेथीला हात न लावणारा पोरगा बापाच्या ताटातली मेथी उचलून खातो, बोलत बोलत सावकाश जेवतो आणि पोट भरलं की आपणहून उठतो. मोबाइल बघत एकटा जेवला की पोट भरल्याचं त्याला कळतच नाही. हे मी स्वतःच्या डोळ्यांनी बघते, त्यासाठी मला व्याख्यान नको.

पण रविवार आठवड्यातून एकदाच येतो. आम्ही बजाजनगरला राहतो. नवरा वाळूज एमआयडीसीत ठेकेदाराकडून कामाला आहे. सेकंड शिफ्ट असली की घरी यायला मध्यरात्र होते. मी दुकानातून साडेआठला सुटते. पोरगा सातला ट्यूशनवरून भुकेजून येतो आणि वाटेत दहा रुपयांचा कुरकुरीत पुडा फस्त करतो. तिघांची ताटं तीन वेळेला वाढली जातात. सांगा, एकत्र कुणी कुणाबरोबर बसायचं?

आणि आपलं सरकार काय करतंय? सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळानं कारखान्यातला कामाचा दिवस ९ तासांवरून १२ तासांपर्यंत वाढवायला मंजुरी दिली. तिमाहीचा ओव्हरटाइम ११५ तासांवरून १४४ वर नेला. कामगाराची लेखी संमती लागेल म्हणे! ठेकेदाराचा माणूस नाही म्हणाला तर दुसऱ्या दिवशी त्याला गेटच्या आत कोण घेतं? एका खात्यानं सांगायचं की पोरांसोबत जेवा आणि दुसऱ्या खात्यानं बापाची संध्याकाळ कारखान्याला देऊन टाकायची. आपण त्याच मंत्रिमंडळात आहात. तिथं कुणी विचारलं का, या माणसांची पोरं रात्री कुणासोबत जेवणार?

आमचं निदान एका छपराखाली तरी आहे. बीडकडची कुटुंबं दिवाळीच्या आगेमागे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊसतोडीला जातात. त्यांची पोरं चार-सहा महिने आजीजवळ, नाहीतर हंगामी वसतिगृहात. त्या आयांनाही काट्यासमोर उभं करून हेच सांगणार आहात?

शाळेतल्या जेवणाचं बोलू. नोव्हेंबर २०२३ मध्ये पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरलं. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी काढून घेतला, हवं तर लोकवर्गणी काढा म्हणाले. पोरांच्या अंड्यासाठी वर्गणी मागायची वेळ या राज्यावर यावी? याच राज्यात पाच वर्षांखालच्या शंभरातल्या पस्तीस मुलांची उंची वयाच्या मानानं खुंटलेली आहे. आणि त्याच वयात वजन जास्त असलेली मुलं पाच वर्षांत दुपटीनं वाढली. केंद्राच्या २०१९-२१ च्या पाहणीतले हे आकडे आहेत. एकीकडं पोषण नाही, दुसरीकडं पुडे स्वस्त, म्हणून दोन्ही एकाच गल्लीत दिसतं.

शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त तेल-मीठ-साखरेचे पदार्थ विकायचे नाहीत, असा २०२० चा नियम आहे. आमच्या शाळेच्या फाटकाला लागूनच टपरी आहे, माळा लटकवल्यासारखे पुडे लटकतात. मेळाव्याच्या दिवशी साहेबांची गाडी तिथंच उभी होती.

२०२३ साली भरडधान्याचं वर्ष साजरं केलं. ज्वारीवर भाषणं झाली. आम्ही ज्वारीवरच वाढलो हो! आता गावाकडं रानात कापूस, सोयाबीन आणि ऊस आहे, रेशनला गहू-तांदूळ मिळतो, आणि ज्वारी विकत घ्यायची तर दोनदा विचार करावा लागतो. त्याच वर्षी सप्टेंबरात आमच्या शहरात मंत्रिमंडळाची बैठक झाली, मराठवाड्यासाठी ४५ हजार कोटींहून जास्तीच्या घोषणा झाल्या. आमच्या वसाहतीत पोरांना पळायला एक धड मैदान नाही. इथल्या माणसाकडून मत घ्यायचं, घाम घ्यायचा आणि वर त्याला आईबाप कसं व्हावं हे शिकवायचं, हे किती वर्षं चालणार?

माझं मागणं मोठं नाही. कुठल्याही मुलाचं वजन चारचौघांत करू नये, शाळेत पाकीटबंद खाऊ वाटू नये, असा लेखी आदेश काढा. फाटकाजवळची टपरी हलवा, पण टपरीवाल्याला दुसरी जागा देऊन. त्यालाही लेकरं आहेत. अंड्याचा निधी परत द्या. आणि बारा तासांचा तो निर्णय मागे घ्यायला मंत्रिमंडळात आपण स्वतः उभे राहा. शाळकरी मुलांचे मंत्री आपण आहात, कामगार खात्याकडं बोट दाखवू नका.

आदेश निघेपर्यंत शाळेतल्या कुठल्याही मेळाव्यात मी माझ्या मुलाला काट्यावर चढू देणार नाही.

आपली,
एक आई
बजाजनगर, वाळूज, छत्रपती संभाजीनगर