माझ्या फिजिओथेरपिस्ट मॅडमना, टाच बरी झाल्यावर

मॅडम,

शेवटच्या भेटीत तुम्ही "आता यायची गरज नाही" म्हणालात आणि मी नुसती मान हलवून निघून आले. बोलायचं बरंच राहिलं, ते आता लिहितेय. सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण सकाळी पलंगाच्या काठावर टाच चोळत बसणारी माणसं पुष्कळ आहेत.

तुमच्याकडे आले तेव्हा दुखण्याला 7 महिने झाले होते. झोपेतून उठून पहिलं पाऊल टेकलं की टाचेत खिळा घुसल्यासारखी कळ यायची. थोडं चाललं की ओसरायची आणि वर्गात दिवसभर उभं राहिल्यावर संध्याकाळी पुन्हा ठणका लागायचा. एक्स-रेत टाचेचं हाड वाढलेलं दिसलं होतं. तेव्हापासून तो काटा आत टोचतोय असंच माझ्या मनाने घेतलं होतं.

तुम्ही एक्स-रे पाहिलात, बाजूला ठेवलात आणि विचारायला लागलात. रात्री पडल्या पडल्या दुखतं का? मुंग्या येतात का? अलीकडे उभं राहणं किंवा चालणं वाढलंय का? मग टाच दोन्ही बाजूंनी दाबून पाहिलीत. हाडाला बारीक चीर असेल तर तिथे दुखतं, नस दबली असेल तर बधिरपणा येतो, हेही सांगितलंत. शेवटी टाचेखाली आतल्या बाजूला अंगठा टेकवलात आणि मी कळवळले. एवढं झाल्यावरच तुम्ही 'प्लांटार फॅशिआयटिस', म्हणजे तळव्यातल्या पट्ट्याचं दुखणं, हे नाव घेतलंत. इतक्या महिन्यांत माझ्या पायाला हात लावून पाहणाऱ्या तुम्ही पहिल्याच.

टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत जाणारा जाड पट्टा तळव्याची कमान पेलतो. झोपेत पाऊल खाली झुकलेलं असतं, पट्टा आखडतो आणि पहिल्या पावलाला एकदम ताणला जातो. माझ्या सकाळच्या कळेचा अर्थ मला तेव्हा लागला. वाढलेलं हाड तर अजिबात न दुखणाऱ्या टाचांमध्येही दिसतं, हे ऐकून मी घरी जाताना प्रथमच न लंगडता चालायचा प्रयत्न केला.

पलंगावरून उतरण्याआधीच पाऊल दुसऱ्या गुडघ्यावर घेऊन बोटं नडगीकडे ओढायची, 10 मोजायचे, असं 10 वेळा. पोटरीचा ताण एकदा गुडघा सरळ ठेवून, एकदा वाकवून. हे मी मुकाट्याने केलं. पण पायरीच्या कडेवर उभं राहून, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी घेऊन टाच उचलायला सांगितलीत तेव्हा मी अडले. दुखऱ्या पायावर भार? मी तर महिनोन्महिने त्याला जपत होते. जुन्या दुखण्यात सुजेपेक्षा पट्ट्याची झीज जास्त असते, त्याला हळूहळू भार पेलायला शिकवावं लागतं, असं तुम्ही समजावलंत आणि शेजारी उभं राहून माझ्याबरोबर केलंत. 3 सेकंदांत वर, 2 सेकंद थांबायचं, 3 सेकंदांत खाली. एक दिवसाआड. थोडं दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या सकाळी कळ वाढलेली नको, ही खूण मला सगळ्यात उपयोगी पडली.

तिसऱ्या आठवड्यात मी इंजेक्शनचा विषय काढला. तुम्ही रागावला नाहीत. स्टेरॉइडने काही आठवडे बरं वाटू शकतं, पण पट्टा फाटण्याचा आणि टाचेखालची चरबीची गादी पातळ होण्याचा धोका असतो, एवढं सांगून निर्णय माझ्यावर आणि माझ्या डॉक्टरांवर सोडलात. मी थांबायचं ठरवलं.

आणि ती वही! रोज पहिल्या पावलाची कळ 10 पैकी किती, एवढंच लिहायचं. पाचव्या आठवड्यात "काहीच फरक नाही" म्हणून मी रडले, तेव्हा तुम्ही वही घेतलीत आणि पानं मागे उलटलीत. सुरुवातीला 8 होते, त्या सकाळी 5. मला ते दिसलंच नव्हतं. बरं व्हायला महिने लागतात हे तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं होतंत, पण मला ते त्या पानांवर पटलं.

मागच्या आठवड्यात पाहुण्यांच्या गडबडीत व्यायाम चुकला आणि एका सकाळी टाच पुन्हा बोलली. पूर्वी घाबरून झोपून राहिले असते. वहीत 2 लिहिले, टॉवेल गुंडाळला आणि पायरीवर जाऊन उभी राहिले.

मनापासून आभार, मॅडम.

तुमची,
दिवसभर वर्गात उभी राहणारी शिक्षिका