तात्या, तुमच्या शिसपेन्सिलीचे आभार

ती. तात्यांना सा. न.

पत्र चारचौघांत लिहितोय, पण नाव घालायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं तात्या. वाचणाऱ्यांना एवढंच सांगतो, की तात्या मुंबईच्या कापडगिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात होते आणि 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला त्यानंतर पुन्हा साच्यावर उभे राहिले नाहीत. माझी कादंबरी त्याच संपावर आहे. ती लिहून संपली होती, बाइंडिंगही झालं होतं.

मित्रांनी वाचून 'छान झालीय, थोडी कापायला हवी' असं सांगितलं. कुठे, ते कुणी सांगेना. तुम्ही एक ओळसुद्धा दुरुस्त केली नाहीत. समासात नुसते प्रश्न लिहिलेत.

'बदलीवाल्याला रोज तोच साचा कसा?' बदली कामगारानं सकाळी गेटवर उभं राहायचं आणि कुणी गैरहजर असला तर मिळेल तिथे काम करायचं. माझ्या नायकाची मैत्री मात्र शेजारच्या साचेवाल्याशी. साचा बदलला की शेजारी गेला, शेजारी गेला की मैत्री, आणि मैत्रीच नाही तर मोर्च्यात तो कुणासाठी मागे थांबतो? तुमच्या एका ओळीनं चार प्रकरणं हलली. पुनर्लेखन म्हणजे भाषा घासूनपुसून घेणं, असं सांगणाऱ्यांना हे पान दाखवायला हवं.

पुढे साचेखात्यात दोघांचं दोन पानी संभाषण होतं. तुमचा प्रश्न: 'ऐकू कुठे येतं?' शेकडो साच्यांच्या खडखडाटात तुम्ही माणसं हातांनी आणि ओठांनी बोलायचात. म्हणून ते बोलणं खानावळीत नेलं. तिथे ते ऐकायला खानावळवाली बाई होती, तिची उधारीची वही होती. तोवर ती फक्त ताट वाढून आत जायची. आता संप लांबत जातो तो तिच्या वहीत दिसतो, तारखा सांगाव्या लागत नाहीत.

नायकाचं नावही बदललं, कारण 'राम' नावाचे तिघे झाले होते. संगणकाला 'राम' काढून 'शंकर' घाल म्हटलं, तर आरामखुर्चीची 'आशंकरखुर्ची' झाली आणि ग्रामपंचायतीचं काय झालं ते लिहवत नाही. ते पान वाचून तुम्ही खोकला येईपर्यंत हसलात.

पण खरं ऋण वेगळ्याच प्रश्नाचं आहे. 'याला हे आत्ताच कसं कळलं?' हे तुम्ही इतक्या ठिकाणी लिहिलंत, की शेवटी नुसती फुली मारायला लागलात. फेब्रुवारी 1982 मध्ये नाक्यावरचा माणूस म्हणतो, 'आता मुंबईत गिरण्या राहणार नाहीत.' आज ते वाक्य शहाणपणाचं वाटतं. तेव्हा अडीच लाख माणसं बाहेर पडली होती आणि तुम्ही कोकणात जाताना शेजाऱ्याला म्हणालात, 'शिमगा करून येतो.' संप रीतसर मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही, म्हणजे तो संपल्याचा दिवसही कुणाला नेमका सांगता येत नाही. माझी पात्रं मात्र पहिल्या पानापासून हरल्यासारखी चालत होती. व्याकरणाची चूक डोळ्यांना सापडते. ही सापडत नाही, कारण शेवट ठाऊक असलेला माणूसच वाचत असतो. मग प्रत्येक माणसाला त्या त्या दिवशी काय माहीत होतं, याची वेगळी वही केली आणि त्यापलीकडचं सगळं काढलं. बायकोशी भांडणारा शंकर आता जिंकणार या खात्रीनं भांडतो. तो प्रसंग आता वाचवत नाही, म्हणजे जमला असावा.

याच हिशेबात शेवटचं प्रकरण गेलं. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतला 58 वा नियम, गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे, पालिका, म्हाडा आणि मालक. मेहनतीनं जमवलेलं होतं. तुम्ही विचारलंत, 'हे कोण बोलतंय?' गोष्ट 1983 मध्ये संपते, तेव्हा बोलणारा मीच होतो. ते टिपण लेख म्हणून कुठेतरी देईन.

तुमचं एक मात्र ऐकलेलं नाही. जॉबरला, म्हणजे खात्यातल्या मुकादमाला, शेवटी अद्दल घडावी असं तुमचं म्हणणं. तो तसाच ठेवलाय, निवृत्त, नातवाला शाळेत सोडणारा. नवा खर्डा रविवारी आणून देतो, त्यावरून भांडू. पेन्सिल मी आणीन, चहा काकूंकडे.

तुमचा,
खालच्या मजल्यावरचा लेखक