सुभेदारकाका, त्या कार्डासाठी

सुभेदारकाका, सा. न. वि. वि.

पाकीट तुम्ही परत केलंत. शाल नको म्हणालात. जेवायला बोलावलं तर "पोरीची मॅच होऊ दे, मग बघू की" म्हणून टाळलंत. मॅच झाली, तरी तुम्ही आला नाहीत. आता असं चारचौघांत लिहिण्याशिवाय माझ्याकडे दुसरा मार्ग उरलेला नाही. नाव घालत नाही, कारण ते तुम्हाला रुचणार नाही. पण जे घडलं ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

ज्यांना नेमबाजीचा हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. दहा मीटर एअर रायफलचं अख्खं टार्गेट 45.5 मिलिमीटरचं. त्यातलं दहाचं वर्तुळ म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका. दोन वर्तुळांमध्ये अंतर अडीच मिलिमीटर, म्हणजे गुणांचा एक दशांश हा पाव मिलिमीटरचा खेळ. 2018 पासून मुलींनाही मुलांइतक्याच 60 गोळ्या, म्हणजे पेलेट, मारायच्या असतात. सगळ्या बरोब्बर मध्यात बसल्या तर प्रत्येकी 10.9 प्रमाणे 654. माझी मुलगी 10.4, 10.5, 10.6 अशी छान चालायची आणि मध्येच एक गोळी 9.3 ला जायची. पुन्हा सगळं ठीक, पुन्हा एक बाहेर. तीन मिलिमीटर इकडे की तिकडे, एवढ्यावर पोर रात्र रात्र जागायची.

तुमच्याकडे येण्याआधी आम्ही कुठे कुठे गेलो ते तुम्हाला मी कधी सांगितलं नाही. आज सांगते. शिकवणारे एक सर म्हणाले, "हिच्या हातात दम नाही. मुलींचं असंच होतं, प्रेशर आलं की मन डगमगतं." तिच्यादेखत म्हणाले. आणखी एकांनी प्राणायामाचा क्लास सुचवला आणि त्याची फीही सांगितली. ज्यांच्याकडून ही जुनी रायफल घेतली होती, ते म्हणाले, "वहिनी, पेलेट सगळे सारखेच असतात. रायफल बदला." नवी परदेशी रायफल म्हणजे काही लाखांचं काम. मी पतसंस्थेत नोकरी करते. कर्जाच्या अर्जाखाली सही करताना माणसाचा चेहरा कसा होतो ते रोज समोर बघते. यांपैकी एकानेही रायफल हातात घेऊन बघितली नव्हती, एकानेही नाही. राग मला त्याचाच आहे आणि तो अजून गेलेला नाही.

घरात तिच्या टेबलासमोर दोन फोटो आहेत. एक तेजस्विनी सावंत यांचा, 2010 साली म्युनिकला जागतिक विजेत्या झाल्या त्यांचा. दुसरा राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेचा, 2024 ला पॅरिसहून ब्राँझ आणलं त्याचा. दोघंही कोल्हापूरकडचे, म्हणजे आपल्या निपाणीच्या पलीकडचेच. एक दिवस मुलीने ते फोटो उतरवून कपाटात ठेवले. त्याच आठवड्यात माझ्या भावाने तुमचा पत्ता दिला. ईएमईतून, म्हणजे फौजेच्या यंत्रं-हत्यारं दुरुस्त करणाऱ्या खात्यातून, रिटायर झालेले आर्मरर आहेत, आयुष्यभर फौजेची हत्यारं उघडून दुरुस्त केलीत, एकदा दाखव तरी, असं तो म्हणाला.

तुमच्या पडवीत बसलो तेव्हा मी बोलायला सुरुवात केली. तुम्ही हाताने थांबवलंत आणि मुलीकडे वळून विचारलंत, "तुला काय वाटतं, गोळी सुटताना बरी सुटली असं वाटून पण बाहेर जाते का?" ती "हो" म्हणाली. इतक्या दिवसांत हा प्रश्न तिला कुणी विचारलाच नव्हता. मग तुम्ही म्हणालात, "मग आधी रायफलीला विचारू. तुला नंतर."

त्या दिवशी चहा पिता पिता तुम्ही आम्हाला वाइल्डकॅट काडतुसांची गोष्ट सांगितलीत. ती मी अजून लोकांना सांगत असते. कुठलाही कारखाना बनवत नाही असं काडतूस. कुणीतरी बंदूक कारागीर तयार काडतुसाची पितळी केस घेतो, तिची मान बारीक करतो, खांदा बदलतो आणि रायफलीचं चेंबर, म्हणजे काडतूस बसायची जागा, तिच्या मापाने कापून घेतो. अमेरिकेत पी. ओ. ॲकली नावाच्या कारागिराने अशी कितीतरी केली. .22-250 हे आज दुकानात मिळणारं काडतूस, पण .250 सॅव्हेजची मान आवळून लोकांनी ते घरच्या घरी बनवलं होतं आणि रेमिंग्टनने कारखान्यात घेतलं ते थेट 1965 साली. अशा काडतुसाला तयार तक्ता नसतो. बंदुकीची दारू किती घालायची, गोळी कुठली, किती आत बसवायची, हे ज्याचं त्याने शोधायचं. कमीपासून सुरुवात करायची, चिमूटभर वाढवायची, प्रत्येक वेळी रिकामी केस हातात घेऊन निरखायची. प्रायमर, म्हणजे केसच्या बुडाची ठिणगी देणारी टोपी, चपटा झाला, बोल्ट जड उघडू लागला, की थांबायचं. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दारू आणि गोळी दोन्ही एकदम बदलली तर सुधारलं कशाने आणि बिघडलं कशाने ते कधीच कळणार नाही.

"आपल्याकडे हे घरी करायचं नसतं," असंही तुम्ही लगेच बजावलंत. 1959 च्या शस्त्र कायद्याने लायसन्सशिवाय काडतूस बनवणं हा गुन्हा आहे, आणि तुम्ही स्वतः ते कधी केलं नाहीत, नुसतं वाचलंत. पण शिस्त तीच, म्हणालात. एअर रायफलमध्ये दारू नाही, पण हवेचा दाब आहे, नळी आहे, पेलेट आहे. त्यांचं एकमेकांशी जुळलं पाहिजे.

नंतर तुम्ही काय काय केलंत त्याची यादी देत बसत नाही. दस्ता काढून नुसती नळी आणि बॉडी व्हाइसमध्ये, म्हणजे शिकंज्यात, घट्ट धरायची, त्यासाठी बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका लेथवाल्याकडून जबडे करून घेतलेत, त्यांना आतून रबर लावलंत. कुणाकडून तरी क्रोनोग्राफ मागून आणलात आणि आधी वेग बघितलात, सेकंदाला 170 मीटरच्या आसपास, एकसारखा. म्हणजे हवेचा दोष नाही. स्क्रू तपासलेत, तेही घट्ट. मग पेलेट. 4.49, 4.50, 4.51 मिलिमीटर असे वेगवेगळ्या डोक्यांचे, वेगवेगळ्या लॉटचे, म्हणजे कारखान्यातल्या वेगवेगळ्या खेपांचे डबे तुम्ही ओळखीपाळखीतून गोळा केले होते. डब्यावर एकच माप छापलेलं असलं तरी दोन लॉट एका नळीत सारखे जातील असं नाही, हे मुलीला समजावताना म्हणालात, "एकाच नंबरची चप्पल दोन दुकानांत वेगळी बसते की नाही?" मोठे नेमबाज .22 ची काडतुसं घेतानासुद्धा आपल्या रायफलीत लॉट लावून बघतात आणि जुळला की तोच साठवून ठेवतात, हेही आम्हाला तेव्हाच कळलं.

मला लिहायचं आहे ते याच्यापुढचं.

पहिलं कार्ड, म्हणजे कागदी टार्गेट, तुम्ही लावलंत ते मुलगी वापरत होती त्याच डब्यातल्या पेलेटचं. ट्रिगर तुम्ही ओढत होतात, ती टेबलापासून लांब, हात मागे बांधून उभी. तिने तसं उभं राहायचं हे तुम्हीच सांगितलं होतं. एक, दोन, तीन, चार गोळ्या एकाच भोकात. पाचवी बाहेर, डावीकडे खाली, तिची नेहमी जायची तिथेच. पुढे परत तेच. कुणी काही बोललं नाही. तुम्ही कार्ड काढलंत, पाकिटाएवढा तो कागद उलटा केलात आणि शर्टाच्या खिशातली आखूड पेन्सिल काढून मागे तारीख आणि लॉट नंबर लिहिलात. त्याखाली आणखी एक ओळ लिहिलीत. मला वाटलं तीही नोंदच असेल. वाचायला मी हात पुढे केला, पण तुम्ही ते कार्ड माझ्या हातात दिलं नाहीत, तिला दिलंत.

त्यावर लिहिलं होतं: "रायफल व्हाइसमध्ये. हात कुणाचाच नाही. चूक पोरीची नाही."

काका, ती ओळ लिहायची तुम्हाला काही गरज नव्हती. डबा बदला म्हणून सांगितलं असतंत तरी काम झालं असतं, आम्ही पाया पडून आलो असतो. पण ज्या मुलीला मोठ्या माणसांनी तोंडावर नालायक ठरवलं होतं तिला ते खोटं आहे याचा लेखी कागद लागतो, हे तुम्हाला कसं उमगलं? मी आई असून मला ते सुचलं नव्हतं. ती रडली नाही. तिने कार्ड दोनदा वाचलं आणि विचारलं, "पुढचा लॉट मी लावू?" तुम्ही बाजूला झालात.

4.49 चा एक लॉट त्या नळीला असा बसला की पाचही गोळ्यांचं मिळून एकच स्वच्छ भोक पडलं. जुन्या डब्यातले निम्मे पेलेट भिंगाखाली धरले तर घेरावर चेपलेले होते, कुठेतरी आपटलेले. "सगळे सारखेच" म्हणणाऱ्यांनी विकलेला डबा तो. एवढंच होतं सगळं. यासाठी आम्ही काही लाखांचं कर्ज काढणार होतो आणि पोर खेळ सोडणार होती.

स्पर्धेत मेडल आलं नाही, ते तुम्हाला कळलंच असेल. पण ती एकटी बाहेर जाणारी गोळी गेली. एक 9.8 आला तेव्हा घरी येऊन म्हणाली, "आई, तो माझा होता. श्वास लवकर सोडला." केवढ्या शांतपणे म्हणाली! आपली चूक कुठली आणि आपली नसलेली कुठली हे ज्याला वेगळं करता येतं तो शिकू शकतो. याआधी तिला ते करता येत नव्हतं, कारण सगळ्याच चुका तिच्या नावावर टाकल्या जात होत्या.

आपल्या या भागात भाषेवरून, पाट्यांवरून, मोर्चांवरून काय काय चालतं ते आपण जन्मापासून बघत आलो. तुमचा तो लेथवाला कन्नड बोलणारा. तुम्ही त्याच्याशी कन्नडमध्ये बोललात, त्याने माझ्याशी मोडक्या मराठीत बोलायचा प्रयत्न केला आणि जबड्यांचे पैसे घेताना रबराचे धरले नाहीत. "मुलीच्या खेळाचं आहे," एवढंच म्हणाला. अशी माणसं बातमीत येत नाहीत. ज्यांना काम येतं आणि त्या कामाचा गर्व नाही, जे समोरच्याला खाली बसवून स्वतः उंच होत नाहीत, त्यांच्या जिवावर आमच्यासारख्यांची घरं चालतात. फौजेत तुमच्या हातून दुरुस्त होऊन गेलेल्या रायफली ज्या जवानांच्या खांद्याला लागल्या असतील त्यांतल्या कुणाला तुमचं नाव माहीत नसेल. त्यांच्या वाटचेही आभार यातच धरा.

ज्या सरांनी "दम नाही" म्हटलं होतं त्यांना मी ते कार्ड दाखवायला गेले नाही. मुलीने जाऊ दिलं नाही. रायफलीच्या पेटीत, फोमच्या खाली तिने ते ठेवलंय. फोटो परत भिंतीवर आलेत.

आता एक विचारायचं आहे. रेंजवरच्या दोन मुलांच्या घरून मला फोन आले. त्यांचंही असंच, गोळ्या मध्येच बाहेर जातात, आणि त्यांनाही नवी रायफल घ्यायला सांगितलंय. तुमचा नंबर मी कुणाला दिलेला नाही. तुम्ही हो म्हणालात तरच पाठवते, तेही रविवारी दहानंतर, म्हणजे तुमचं झाडांना पाणी घालणं आटोपलेलं असेल. डबे त्यांचे ते आणतील. क्रोनोग्राफ परत करायचा असेल तर मी दुसरीकडून बघते. आणि दुपारचा डबा आमच्या घरून येईल, तो मात्र परत करायचा नाही.

तुमची,
नेमबाज पोरीची आई
शहापूर, बेळगाव