अभिमन्यूला व्यूहातून बाहेर काढू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात एका शाळेच्या स्नेहसंमेलनाची बातमी होती. त्यातल्या चक्रव्यूहाच्या नाटुकलीचं कौतुक होतं, आणि शेवट बदलून मुलांना आशेचा संदेश दिला असंही लिहिलं होतं. त्यात अभिमन्यू झाला होता तो माझा नातू, वय वर्षं दहा. शाळेचं नाव लिहीत नाही, कारण बसवणाऱ्या बाईंनी मुलांवर घेतलेली मेहनत मी डोळ्यांनी पाहिली आहे आणि त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण त्या शेवटाबद्दल मला गप्प बसवत नाही.

शेवट असा. सहा महारथी अभिमन्यूला घेरतात, तो रथाचं चाक उचलून गरगर फिरवतो, सगळे पळत सुटतात आणि तो व्यूह फोडून बाहेर येतो. चाक पुठ्ठ्याचं होतं. त्याच्या आऱ्यांना सोनेरी कागद मी आणि सूनबाईनंच चिकटवला होता. टाळ्या खूप झाल्या, मीही वाजवल्या. रात्री मुकुटाची दोरी सोडवताना पोरानं विचारलं, "आजी, अभिमन्यू मेलाच नाही, तर अर्जुनानं जयद्रथाला का मारलं?"

याला काय सांगणार? ते एक मरण काढलं की पुढचं सगळं महाभारत उसवत जातं. उद्या सूर्यास्ताच्या आत जयद्रथाला मारीन, नाहीतर अग्निप्रवेश करीन, ही प्रतिज्ञा मग कशापायी? चाक रुतल्यावर धर्माची आठवण काढणाऱ्या कर्णाला ‘गेला होता कोठे राधासुता तुझा धर्म’ म्हणून कृष्ण खडसावतो, त्यातला केवढा मोठा आरोप गळून पडतो. आणि शेवटी हस्तिनापूरची गादी ज्याला मिळते तो परीक्षित बाप गेल्यानंतर जन्मलेला, याच अभिमन्यूचा मुलगा.

दुसऱ्या दिवशी मी मराठी भाषांतर काढून द्रोणपर्व पुन्हा वाचलं. युद्धाचा तेरावा दिवस. मरेपर्यंत न हटण्याची शपथ घेतलेल्या संशप्तकांनी अर्जुनाला दूर गुंतवून ठेवलेलं, इकडे द्रोणांचा व्यूह कोणाला फुटेना. सोळा वर्षांचा मुलगा धर्मराजाला स्वच्छ सांगतो, की आत शिरायचं वडिलांनी शिकवलंय, पण संकटात सापडलो तर बाहेर पडता येणार नाही. मोठे म्हणतात, तू वाट कर, आम्ही तुझ्या मागोमाग आहोतच. आणि मागोमाग एकही जण पोचत नाही. जयद्रथ चौघा पांडवांना तोंडाशीच अडवून धरतो. आत द्रोणांच्या सल्ल्यावरून कर्ण त्याचं धनुष्य तोडतो, घोडे मारले जातात, सारथी मारला जातो, चाक घेऊन लढणारं पोर शेवटी गदायुद्धात पडतं आणि उठत असतानाच दुःशासनाचा मुलगा त्याच्या डोक्यात गदा घालतो. एकट्याला इतक्या महारथींनी मिळून पाडलं, हा धर्म नव्हे, असा आक्रोश आकाशातून होतो.

लहानपणी आपण सगळ्यांनी ऐकलंय की अर्जुन गरोदर सुभद्रेला व्यूह समजावत होता, मधेच तिला डोळा लागला, म्हणून पोटातलं पोर अर्धंच शिकलं. या गोष्टीचा मला आता राग येतो. द्रोणपर्वात अर्जुन स्वतःच्या तोंडानं म्हणतो की बाहेर पडणं मी त्याला शिकवलं नव्हतं. संध्याकाळी तो छावणीत परततो तेव्हा वाद्यं बंद, कोणी डोळ्याला डोळा देत नाही, आणि रोज भावांबरोबर हसत सामोरा येणारा मुलगा आज दिसत नाही. तिथंच त्याला कळून चुकतं. मग तो भावांवर तुटून पडतो, की तुम्ही सगळे असताना त्याला कोणी राखलं कसं नाही? धर्मराज तर आधीच खचलेला असतो, अर्जुनाला आणि सुभद्रेला तोंड कसं दाखवू म्हणून. व्यासांनी दोष असा मोठ्यांच्या पदरात घातलाय. आपण तो झोपलेल्या आईच्या पदरात टाकला, आणि आता तर मरणच पुसून टाकलं, म्हणजे दोषच उरला नाही. मुलांच्या मनावर परिणाम होईल म्हणून शेवट बदलतो असं आपण म्हणतो. पण अभिमन्यू सुखरूप बाहेर आला की सुटतात ते त्याला आत पाठवणारे.

हे मी दुसऱ्यांना सुनावते आहे असं नाही. दोन वर्षांपूर्वी नातवाचे आबा गेले तेव्हा आम्ही त्याला कारेलीबागेत आत्याकडे पाठवलं आणि तेराव्यानंतर परत आणलं. आबा गावाला गेलेत, असं सांगितलं. सांगणारी मीच. कितीतरी दिवस तो हिंचक्यावर आबांची बाजू मोकळी सोडून बसायचा. आम्ही त्याला जपलं असं मला वाटत होतं. खरं तर मला त्याच्यासमोर रडायचं नव्हतं.

स्त्रीपर्वातला एक प्रसंग माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. रणावर उत्तरा अभिमन्यूजवळ बसली आहे. त्याचं रक्तानं माखलेलं सोन्याचं कवच ती सोडवते, डोकं मांडीवर घेऊन केस सारखे करते, आणि तो जिवंत असल्यासारखी त्याच्याशी बोलते, की सहाच महिन्यांचा आपला सहवास, सातव्यात तू गेलास. हे सगळं कृष्णाला सांगते ती गांधारी. जिची शंभर मुलं त्याच मैदानात पडली आहेत, आणि त्यातल्याच एकाच्या मुलानं याला मारलंय, ती शत्रूच्या सुनेचं दुःख इतकं जवळून बघते. लढाईच्या वर्णनांनी मी कधी हलले नाही, इथं मात्र पुस्तक मिटून ठेवावं लागलं. ग्रीकांच्या इलियडचंही असंच आहे. ट्रॉयचा म्हातारा राजा प्रायम रात्री शत्रूच्या तळावर जातो आणि आपल्या मुलांना मारणाऱ्या अकिलीसचे हात चुंबून हेक्टर या मुलाचं प्रेत मागतो. दोघे एकत्र रडतात. ट्रॉय पडायचं अजून बाकी असताना ते महाकाव्य हेक्टरच्या अंत्यसंस्कारावर संपतं.

आणि हे आपल्या बडोद्याला कोणी नव्यानं सांगायला हवं का? सतराव्या शतकात याच गावच्या गुजराती कवी प्रेमानंदानं तांब्याच्या माणावर, म्हणजे मोठ्या घड्यावर, बोटांतल्या अंगठ्यांचा ठेका धरून अभिमन्यूचं आख्यान गायलं. आमच्या शेजारच्या बा अजून ते लोकगीत म्हणतात, ज्यात कुंती नातवाला अमर राखी बांधते आणि व्यूहाच्या कोठ्याकोठ्यावर कोण उभं आहे ते सांगते. राखीचं नाव अमर, पण तो मरतो हे गाणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक असतं. मांडीवर पोरं घेऊनच बायका ते गात आल्या. गायकवाड घराण्यातल्या दिवंगतांच्या स्मरणार्थ सयाजीराव महाराजांनी विश्वामित्रीजवळ कीर्तिमंदिर बांधलं. त्याच्या भिंतींवर नंदलाल बोस यांनी गंगावतरण, मीरा, टागोरांच्या नाटकातली नटीची पूजा काढली आणि चौथं चित्र कुरुक्षेत्राचं. मृतांच्या स्मारकात कोणी विजयाची मिरवणूक रंगवून घेतली नाही.

म्हणून शाळांना विनंती आहे, की नाटक बसवा, अभिमन्यूला पडू द्या आणि त्यानंतर अर्जुन छावणीत येतो तो प्रवेश जरूर घ्या. लहान मुलांना तो जड जाईल असं वाटलं तर दुसरी गोष्ट निवडा, महाभारतात गोष्टींना काय तोटा आहे? पण ही घेतली तर पुरी घ्या. तालमीच्या आधी मुलांना एकदा कीर्तिमंदिर दाखवून आणता आलं तर फार बरं. आपल्या बालपुरवणीतही ही कथा पूर्ण छापावी अशी माझी विनंती आहे.

गेल्या रविवारी मी नातवाला तिथं घेऊन गेले. चित्रातले रथ, घोडे बघून झाल्यावर, ही जागा कशासाठी बांधली ते त्याला सांगितलं. तो जरा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "आबांचं कुठं आहे?" घरी आल्यावर हिंचक्यावर बसून मी त्याला आबांच्या शेवटच्या रात्रीपासून सगळं सांगितलं, दवाखाना, रुग्णवाहिका, त्यांनी त्याचं नाव घेतलं तेसुद्धा. मधे त्यानं एकदाच तोंड उघडलं. "मग मला का नाही बोलावलं?"

आपली विश्वासू,
एक वाचक
दांडिया बाजार, बडोदे