जलसा म्हणजे पाणी नव्हे!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत ठाण्याच्या दिवाळी पहाटवर आलेला लेख वाचला. तलावपाळी आणि राम मारुती रोडवरच्या गर्दीचं वर्णन झकास, पण शेवटी जे ठोकून दिलंय की जलसा हा शब्द संस्कृत 'जल'वरून आला, लोक तळ्याकाठी जमायचे म्हणून जलसा, ते काही झेपलं नाही. तलावपाळी मासुंदा तलावाच्या काठी आहे म्हणून काहीही जोडायचं का साहेब!

जलसा अरबी आहे, फारसीतून आपल्याकडे आला. ज-ल-स हा मूळ धातू, अर्थ बसणं. नमाजात दोन सजद्यांच्या (म्हणजे कपाळ जमिनीला टेकण्याच्या) मधे क्षणभर बसतात त्यालाही जलसाच म्हणतात, आणि मजलिस त्याच घरातला, म्हणजे बसायची जागा. मुळात ना गाणं ना नाच, नुसतं बसणं. मग ही सगळी धमाल कुठून आली असं कोणी विचारेल, तर आपल्याच 'बैठक' शब्दाकडे बघा ना, तोही बसण्यावरूनच, पण गाण्याची बैठक म्हटलं की तबला-पेटी डोळ्यासमोर येते, आणि बैठकीची लावणी म्हणजे तर बाई बसल्या जागी नुसत्या नजरेने आणि हाताने अख्खी लावणी उभी करते.

बरं, शब्द बाहेरून आला म्हणून परका राहिला असंही नाही. आपण 'जलसाला' गेलो म्हणत नाही, 'जलशाला' गेलो म्हणतो, पैसा-पैशाला, मासा-माशाला तसंच. इतका तो मराठी होऊन गेलाय.

ठाण्यातच बघा, मुंब्र्यात बोर्डावर जलसा लिहिलं असेल तर ते धार्मिक प्रवचन, आमच्या शेजारच्या गुजराती काकी 'जलसा करो' म्हणतात तेव्हा मजा करा, आणि आमच्या घोडबंदर रोडच्या कॉम्प्लेक्समधे 'जलसा नाइट' म्हणजे डीजे. गेल्या वेळी तिथे एक खुर्ची नव्हती हो, सगळे सिनियर सिटिझन पार्किंगच्या कठड्याला टेकून उभे, आणि कमिटीतला एकजण येऊन म्हणतो काका उभं काय राहिलात, नाचा. बसण्यावरून आलेल्या शब्दाचं हे झालं!

पण माझी खरी तक्रार वेगळी आहे. एवढ्या मोठ्या लेखात सत्यशोधक जलशांचा एका ओळीने पण उल्लेख नाही? जोतीराव फुल्यांनी १८७३ मधे सत्यशोधक समाज काढला, त्या चळवळीतून हे जलसे उभे राहिले. बाज तमाशाचाच, ढोलकी-तुणतुणं तेच, सोंगाड्या पण होता, पण विषय काय तर सावकाराची आणि भटजीची लुबाडणूक, लग्नातला फालतू खर्च, पोरांना शाळेत घाला. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांच्यापर्यंत विचार पोचवायला याहून चांगला रस्ता कुठला? पुढे आंबेडकरी जलसे आले, नाशिकचे भीमराव कर्डक तर यातलं मोठंच नाव. समतेचं, पाण्याच्या हक्काचं, शिक्षणाचं बोलणं थेट गाण्यातून वस्तीवस्तीत गेलं. (पाणी आलंच शेवटी, पण ते चवदार तळ्याचं, १९२७ चं.) मराठीत जलसा म्हटल्यावर आधी हे आठवायला हवं, निदान पेपरवाल्यांना तरी. गाणंबजावणं आहेच, ते कोण नाही म्हणतंय.

तेव्हा एक छोटा खुलासा छापा, आणि जमलं तर कोपरी, कळवा, वागळे इस्टेट या भागात जुन्या जलशांत गायलेलं किंवा ढोलकी धरलेलं कोणी आहे का ते तुमच्या रिपोर्टरला शोधायला सांगा. वयं झालीत त्यांची, दिवाळी अंकापर्यंत थांबू नका.

आपला,
एक नियमित वाचक, ठाणे (पश्चिम)