कल्पनांची यादी छाटून देणाऱ्या ताईंस

प्रिय ताई,

जँगो या पायथॉनमधल्या, वेबसाइट बनवण्याच्या मुक्तस्रोत चौकटीच्या उन्हाळी प्रकल्पांसाठी आम्ही 14 कल्पना पाठवल्या होत्या. तुम्ही त्या एकेक करून वाचल्यात, प्रत्येकीखाली प्रश्न लिहिलेत आणि 9 कल्पनांवर काट मारलीत. हे आभार मुख्यतः त्या 9 काटांबद्दल आहेत. पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितो आहोत, कारण पुढच्या फेब्रुवारीत अशीच यादी करायला बसणाऱ्यांना तुमचे प्रश्न हाताशी हवेत.

हे प्रकल्प गूगल समर ऑफ कोड या उपक्रमातले; त्यात नवखे लोक मुक्तस्रोत संस्थांसाठी कोड लिहितात. तो 2005 साली सुरू झाला. संस्थेची निवड होते ती मोठ्या प्रमाणात कल्पनांच्या यादीवर. प्रत्येक कल्पनेला नाव, दोन-चार वाक्यांचं वर्णन, काय हाती येणार, कोणती कौशल्यं लागतील, मार्गदर्शक कोण, किती तासांचं काम आणि किती अवघड, एवढं लिहावं लागतं. आम्ही हे सगळं भरलं होतं. तुम्ही त्यापुढे आणखी तीन रकाने काढलेत: हे तपासणार कोण, पहिला तुकडा कितव्या आठवड्यात मुख्य शाखेत (जँगोच्या अधिकृत कोडमध्ये) जाणार, आणि काम अर्ध्यावर थांबलं तर जँगोच्या हाती काय उरणार. तिसऱ्या रकान्यात "काहीच नाही" असं ज्या कल्पनांपुढे लिहावं लागलं, त्या आपोआप गळल्या.

यादीच्या अग्रभागी आम्ही मोठ्या हौसेने लिहिलं होतं, "ओआरएम पूर्णपणे असिंक करणे". तुम्ही ते खोडताना दिलेलं कारण इथे सविस्तर नोंदवतो, कारण ही कल्पना दरवर्षी कोणीतरी मांडतंच. ओआरएम म्हणजे पायथॉनमधून डेटाबेसशी बोलणारा जँगोचा भाग, आणि असिंक म्हणजे एका कामाचं उत्तर येईपर्यंत थांबून न राहणारा कोड. असिंक व्ह्यू (विनंतीला उत्तर देणारी फंक्शनं) जँगोच्या 3.1 आवृत्तीत आले. 4.1 मध्ये क्वेरीसेटवर (डेटाबेसमधल्या नोंदी मागवणाऱ्या भागावर) 'ए' अक्षराने सुरू होणाऱ्या पद्धती आल्या, एगेट, एक्रिएट वगैरे. पण त्या पद्धतींच्या पोटात अजून जुनाच सिंक्रोनस कोड थ्रेडमध्ये चालतो. तो बदलायचा तर डेटाबेस ड्रायव्हरपासून सुरुवात करावी लागते, मग कनेक्शन कोणत्या थ्रेडचं हा हिशेब मोडतो, आणि त्याच्यावर उभे असलेले ट्रान्झॅक्शन (सगळे बदल एकत्र होणारे किंवा एकही न होणारे व्यवहार) डगमगतात. ट्रान्झॅक्शन असिंक संदर्भात चालतच नाहीत, तो भाग आजही सिंक फंक्शनमध्ये गुंडाळून हाकावा लागतो. थोडक्यात, तळमजल्याला हात लावल्याशिवाय वरचा एकही मजला पुरा होत नाही. 12 आठवड्यांत यातला एकही तुकडा स्वतंत्रपणे वापरण्याजोगा होत नाही, हे तुमचं म्हणणं कोड उघडून बघितल्यावर पटलं.

याच्याच जोडीला तुम्ही दिलेलं उदाहरण आम्ही आता प्रत्येक विद्यार्थ्याला सांगतो. एकापेक्षा अधिक स्तंभांची प्राथमिक की (तक्त्यातली नोंद ओळखणारं मूल्य) हवी, ही मागणी 373 क्रमांकाच्या तिकिटावर 2005 सालीच नोंदली गेली, म्हणजे जँगो लोकांसमोर आलं त्याच वर्षी. 2011 च्या उन्हाळ्यात एका विद्यार्थ्याने हा प्रकल्प घेतला, 2013 मध्ये त्यावर पुन्हा काम झालं. ही सोय प्रत्यक्षात आली ती 5.2 मध्ये, एप्रिल 2025 ला. विद्यार्थी कमी पडला म्हणून हे झालं नाही. प्राथमिक की म्हणजे एकच फील्ड, हे गृहीत जँगोच्या कोडमध्ये जागोजागी मुरलेलं होतं: फॉरेन कीमध्ये (दुसऱ्या तक्त्यातल्या नोंदीकडे बोट दाखवणाऱ्या फील्डमध्ये), अ‍ॅडमिनच्या (नोंदी सांभाळायच्या तयार पानांच्या) पत्त्यांमध्ये, जेनेरिक फॉरेन कीच्या ऑब्जेक्ट आयडीत, नोंदी पुसणाऱ्या कोडमध्ये, सीरियलायझरमध्ये (नोंदी मजकुरात बदलणाऱ्या कोडमध्ये). 5.2 मध्ये जे आलं तेही मुद्दाम आखडतं घेतलेलं आहे. प्राथमिक की टपल (मूल्यांचा क्रमबद्ध संच) म्हणून मिळते, पण अशा मॉडेलकडे (तक्त्याच्या पायथॉनमधल्या वर्णनाकडे) फॉरेन की रोखता येत नाही आणि ते अ‍ॅडमिनमध्ये नोंदवता येत नाही. त्या मर्यादा मान्य केल्या म्हणून काम संपलं. तुम्ही समासात लिहिलं होतं, "व्याप्तीत काय *नाही* ते आधी लिहा." आता आमच्या प्रत्येक प्रस्तावात तो परिच्छेद पहिला असतो.

याउलट चांगल्या मापाचा प्रकल्प कसा दिसतो, तेही तुम्हीच दाखवलंत. जेसनफील्ड, म्हणजे जेसन स्वरूपातली माहिती साठवणारं फील्ड, आधी फक्त पोस्टग्रेस या डेटाबेससाठी होतं, 1.9 पासून. 2019 च्या उन्हाळ्यात ते सगळ्या डेटाबेसांवर नेण्याचा प्रकल्प झाला आणि 3.1 मध्ये, ऑगस्ट 2020 ला, ते सगळ्यांच्या हाती आलं. हा प्रकल्प बसला कारण कसं वागायचं हे ठरलेलंच होतं: पोस्टग्रेसवर जसं चालतं तसं मारियाडीबी, मायएसक्यूएल, ओरॅकल आणि एसक्यूलाइटवर चालवायचं. वाद घालायला जागा कमी, चाचण्या आधीच अर्ध्या लिहिलेल्या.

तरीही खाचखळगे होतेच, आणि तुम्ही ते मोजून दाखवलेत. एसक्यूलाइटमध्ये जेसनची फंक्शनं तेव्हा वेगळ्या एक्स्टेन्शनमध्ये असत. विंडोजवरच्या पायथॉनसोबत ते नसलं तर आधी ते आहे का हे तपासून नीट सूचना द्यावी लागे. मारियाडीबीत जेसन हा वेगळा प्रकार नाही, तो लाँगटेक्स्टच आहे. 'कंटेन्स' ('यात हे आहे का') हा शोध ओरॅकल आणि एसक्यूलाइटवर देताच आला नाही, म्हणून तिथे तो सरळ नाकारला. आणि सगळ्यात जास्त गोंधळ नल, म्हणजे 'मूल्य नाही', या एका शब्दाचा. पायथॉनचं नन साठवताना एसक्यूएलचं नल होतं, पण शोधताना तेच नन जेसनच्या नलशी जुळवलं जातं. एसक्यूएलचं नल शोधायचं तर इझनल वापरावं लागतं. असा एक बारकावा दस्तऐवजात दोन ओळींचा असतो आणि चर्चेत दोन आठवडे खातो. प्रस्तावाच्या वेळापत्रकात "चर्चा" नावाचा आठवडा कोणी लिहीत नाही. तुम्ही लिहायला लावलात.

चाचण्या समांतर चालवण्याचा 2020 चा प्रकल्पही तसाच. समांतर चाचण्या 1.9 पासून होत्या, पण फोर्कच्या, म्हणजे चालू प्रक्रियेची प्रत काढून नवी प्रक्रिया सुरू करण्याच्या, भरवशावर. फोर्कमध्ये मुलाला आईची सगळी मेमरी आयती मिळते, जँगो तयार, मेमरीतला डेटाबेस तयार. पायथॉन 3.8 ने मॅकवर फोर्कऐवजी स्पॉन हा मूळ पर्याय केला, विंडोजवर तर फोर्क नाहीच. स्पॉनमध्ये मूल कोऱ्या पाटीने जन्मतं, त्यामुळे प्रत्येक प्रक्रियेत जँगोची जुळणी पुन्हा करायची आणि डेटाबेसची प्रत नव्याने पोचवायची. कारण नेमकं, हद्द नेमकी. तरी सगळं जुळून येईपर्यंत 4.1 उजाडलं, ऑगस्ट 2022. उन्हाळा संपला की प्रकल्प संपतो या आमच्या समजुतीला हे एक उदाहरण पुरेसं होतं.

वेळापत्रकाबद्दल तुम्ही दिलेला तक्ता आम्ही भिंतीवर लावला आहे. जँगोची आवृत्ती दर आठ महिन्यांनी येते: डिसेंबर 2023 ला 5.0, ऑगस्ट 2024 ला 5.1, एप्रिल 2025 ला 5.2, डिसेंबर 2025 ला 6.0. अल्फा, म्हणजे आवृत्तीचा पहिला चाचणी-मसुदा, निघाला की नव्या सोयींचं दार बंद. 5.1 चा अल्फा मे 2024 मध्येच निघाला होता, म्हणून 2024 च्या उन्हाळ्यातलं काम, शेलमध्ये मॉडेल आपोआप इम्पोर्ट होण्याचं, 5.2 मध्ये आलं. 2025 ला मात्र 6.0 चा अल्फा सप्टेंबरात होता, प्रकल्प संपल्या संपल्या. दिसायला सोयीचं, पण तपासणीला जेमतेम काही आठवडे. त्या वर्षीचा टेम्पलेट पार्शल्सचा (पानाच्या साच्यातल्या तुकड्याला नाव देऊन तो पुन्हा वापरण्याचा) प्रकल्प तरीही 6.0 मध्ये बसला, कारण तो बाहेर पॅकेज म्हणून आधीपासून वापरात होता आणि रचनेचे प्रश्न तिथेच सुटले होते. "आधी पॅकेज, मग गाभा" हा तुमचा आग्रह त्यामुळे फार कामाचा ठरला. आमच्या 9 पैकी 3 कल्पना तुम्ही या एका वाक्याने बाजूला काढल्यात.

त्या तिघींतली एक मराठीशी जोडलेली होती आणि तिच्याबद्दल तुम्ही जे लिहिलंत ते आम्हाला सगळ्यात आवडलं. पहिला मसुदा होता "अ‍ॅडमिनचं मराठी भाषांतर पूर्ण करणे". ते लगेच गेलं: भाषांतर ट्रान्सिफेक्स या भाषांतराच्या संकेतस्थळावर होतं, आणि समर ऑफ कोडमध्ये काम कोडचंच हवं. पण तुम्ही त्यामागचा खरा प्रश्न वर काढलात. अ‍ॅडमिनमध्ये नोंद जमा झाली की एक ठरावीक वाक्य दिसतं, त्यात मॉडेलचं नाव भरलं जातं. मराठीत लेख जोडला, बातमी जोडली, पुस्तक जोडलं. क्रियापदाचं लिंग नावावर ठरतं, आणि भाषांतर भरणाऱ्या गेटटेक्स्ट या साधनाला एकवचन-अनेकवचन कळतं, लिंग कळत नाही. शिवाय "लेख"ला "ने" किंवा "ला" लागला की सामान्यरूप होतं, "लेखाने", "लेखाला", तेही भरलेल्या नावाला करता येत नाही. भाषांतरकार मग "यशस्वीरीत्या जोडले" असं सगळ्यांना नपुंसकलिंगी करून मोकळा होतो. हे गाभ्यात सोडवायचं म्हणजे सगळ्या भाषांच्या वाक्यांना हात लावणं. म्हणून तुम्ही सुचवलंत की मॉडेलच्या नावासोबत लिंग सांगता येईल असं छोटं पॅकेज करा, मराठी, हिंदी आणि आणखी एखाद्या लिंगभेद असलेल्या भाषेवर चालवून दाखवा, नंतर बोलू. काट मारताना पुढची वाट दाखवणं यालाच म्हणतात.

तासांचा हिशेबही तुम्ही सरळ केलात. 2022 पासून 175 आणि 350 तासांचे प्रकल्प आहेत, 2024 पासून 90 तासांचेही. 350 तास 12 आठवड्यांत म्हणजे आठवड्याला 29 तास. आपल्याकडच्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला मे-जूनमध्ये सबमिशन, ओरल आणि लेखी परीक्षा, मग नवं सत्र. शेवटचे आठवडे बरेचदा गणपतीच्या तोंडावर येतात. तुम्ही आमचे तिन्ही 350 तासांचे प्रस्ताव 175 वर आणलेत आणि प्रत्येकी निम्मा वेळ कोड सोडून बाकी कामाला ठेवायला लावलात: चाचण्या, दस्तऐवज, रिलीझ नोट आणि तपासणीत निघालेल्या सूचना. सुरुवातीला हे अति वाटलं होतं. मुख्य शाखेत गेलेल्या जुन्या प्रकल्पांचे पुल रिक्वेस्ट (कोड आत घेण्याच्या विनंत्या) वाचले तेव्हा निम्मा वेळही कमीच पडतो हे दिसलं.

तपासणारे कोण, हा तुमचा पहिला रकाना सगळ्यात कडक होता. मार्गदर्शक दोन असले तरी शेवटी पॅच (कोडमधला बदल) मुख्य शाखेत नेणारे हात मोजकेच, आणि त्यातला मोठा भार जँगो फेलोंवर (जँगो सांभाळायला मानधनावर नेमलेल्यांवर). म्हणून मध्यावधी मूल्यमापनाच्या आधी किमान एक छोटा तुकडा पूर्ण होऊन आत गेला पाहिजे, चौथ्या आठवड्याच्या आसपास, ही तुमची अट. तो तुकडा मुख्य सोयीचा नसला तरी चालेल. जुन्या कोडची साफसफाई असेल, एखादी राहून गेलेली चाचणी असेल. त्यातून विद्यार्थ्याला ट्रॅक या तिकिटं नोंदण्याच्या संकेतस्थळावरचा प्रवास कळतो: तिकीट स्वीकारलं जाणं, "चाचण्या हव्यात", "दस्तऐवज हवा", "पॅच सुधारा" अशा खुणा एकामागून एक निघून जाणं. शेवटच्या आठवड्यात हजार ओळींचा एकच पुल रिक्वेस्ट टाकला तर तो कोणीही वाचत नाही, आणि वाचायला वेळ मिळेपर्यंत मुख्य शाखा पुढे सरकलेली असते.

उरलेल्या 5 कल्पनांपैकी अ‍ॅडमिनच्या स्क्रीनशॉट चाचण्यांची कल्पना तुम्ही 90 तासांसाठी पसंत केलीत, ती का हे आता कळतं. डेस्कटॉप, मोबाइल, उजवीकडून डावीकडे, गडद रंग, उच्च कॉन्ट्रास्ट ही पाच रूपं टिपण्याची सोय आधीच आहे. एक पान घ्यायचं, चाचणी लिहायची, पाठवायची. दहा पानांपैकी सहाच झाली तरी सहा पानं जँगोला मिळाली. तुमच्या तिसऱ्या रकान्यात इतकं स्वच्छ उत्तर दुसऱ्या कोणत्याच कल्पनेपुढे नव्हतं.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे अर्ज करू इच्छिणाऱ्या प्रत्येकाने आधी चाचणीसंच आपल्या मशीनवर चालवला आहे. एसक्यूलाइटवर तो सहज चालतो. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएलसाठी जँगो-डॉकर-बॉक्स हे डेटाबेस तयार करून देणारं साधन वापरलं, त्यामुळे दोन डेटाबेस हाताने बसवण्यात जाणारा वेळ वाचला. दोघांच्या पॅचवर "चाचण्या हव्यात" अशी खूण आली आहे. त्या चाचण्या आधी जुन्या कोडवर चालवून तिथे त्या नापास होतात का ते बघा, हे तुमचंच सांगणं त्यांना कळवलं आहे. पॅच पुन्हा गेले की दुवे पाठवतो.

तुम्ही हे सगळं तुमच्या नोकरीनंतरच्या वेळात केलंत. मनापासून आभार, ताई.

आपले,
महाविद्यालयातील मुक्तस्रोत गटाचे मार्गदर्शक आणि विद्यार्थी